राघूनं केबल काढली

राघूचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटीचा रंग कधीच उडाला होता, त्यामुळे ते कुणाला वाचता येत नव्हतं, आणि वाचायची गरजही नव्हती. लहानपणी तो बोलायला फार उशिरा लागला म्हणून आजोबांनी थट्टेनं त्याला राघू म्हणायला सुरुवात केली, ते कायमचं चिकटलं. पुढे तो बोलायला शिकला, पण शिकलेलं वापरायची त्याला सवय कधी लागली नाही. असा माणूस घड्याळं दुरुस्त करत असता किंवा किल्ल्या घासत असता, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. राघू न्हावी होता.

त्याचे वडीलही न्हावीच. ते मात्र इतके बोलत की दाढी करून घ्यायला आलेला माणूस दोन बातम्या, तीन अफवा आणि एखादं घरगुती औषध घेऊन बाहेर पडायचा. वडील गेले, दुकान राघूकडे आलं, आणि महिनाभरात गिऱ्हाइकं एकमेकांना विचारायला लागली की याचं काही दुखतंय का. हात फार हलका होता त्याचा. वस्तरा गालावरून फिरून गेला तरी कळायचं नाही. पण अर्धा तास आरशात स्वतःचंच तोंड बघत बसायचं म्हणजे माणसाला शिक्षा वाटते. राघूच्या ते लक्षात आलं आणि त्यानं दुकानात टीव्ही आणून केबल घेतली.

त्या दिवसापासून दुकानातलं सगळं बोलणं टीव्हीकडे गेलं. टीव्ही टांगला होता मागच्या भिंतीवर, छताजवळ, त्यामुळे खुर्चीतल्या माणसाला तो आरशात दिसायचा. आरशात डावखुरा फलंदाज उजव्या हातानं खेळायचा आणि बातम्यांची पट्टी भलतीकडेच सरकायची. पण अकरा वर्षांत मंडळी इतकी तयार झाली होती की उलटा धावफलक सुलटा असल्यासारखा वाचायची. समोरच्या सायकलवाल्याला तर घरी सरळ टीव्ही बघताना चुकल्यासारखं वाटायचं. राघूला दिवसभरात तीन वाक्यं पुरायची. 'बसा', 'बारीक की मध्यम?' आणि 'झालं'. त्याचा जीव सुखात होता.

मग तो हेडमास्तरांच्या मिशीचा दिवस आला.

हेडमास्तर त्या दिवशी निवृत्त होत होते. संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या सभागृहात सत्कार होता, म्हणून तीन वाजता ते दाढी करायला आणि मिशीची कड नीट करून घ्यायला आले. ती मिशी साधीसुधी नव्हती. वर्गात शिरताना आधी ती शिरायची आणि मग हेडमास्तर. शाळेत शिकून गेलेले, आता टक्कल पडलेले लोकही ती दिसली की शर्टाची वरची गुंडी लावायचे.

मॅच रंगात आली होती. हेडमास्तर सोडून दुकानात सात माणसं, त्यातली तीन दाढीबिढी न करता नुसतीच बसलेली. शेवटचा चेंडू, तीन धावा हव्या. राघूचा फेस लावून झाला होता आणि वस्तरा मिशीच्या डाव्या कडेला टेकवला होता. चेंडू हवेत उंच गेला. सातही माणसं उभी राहिली. राघूला खरं तर त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सगळे उठले म्हटल्यावर त्यानंही नजर वर उचलली. एवढंसंच, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. खाली बघतो तर हेडमास्तरांची अर्धी मिशी वस्तऱ्यावरच्या फेसात.

टीव्हीतले लोक ओरडत होते. दुकानातला एकही माणूस हलला नाही. हेडमास्तरांनी आरशात बघितलं, डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली.

"कोण जिंकलं?" त्यांनी विचारलं.

सायकलवाल्यानं चाचरत सांगितलं.

"बरं," हेडमास्तर म्हणाले. "मग ही उरलेली पण काढून टाका."

संध्याकाळी प्रमुख पाहुण्यांनी पुष्पगुच्छ शेजारच्या मिशीवाल्या विज्ञानाच्या सरांना दिला आणि त्यांच्याच पाठीवर थाप मारून त्यांना दीर्घायुष्य चिंतलं. ही हकीकत दुसऱ्या दिवशी स्वतः हेडमास्तरांनी येऊन राघूला सांगितली. "चूक तुमची एकट्याची नाही हो," ते म्हणाले, "मीही मॅचच बघत होतो. नाहीतर मला तुमचा हात दिसला असता." ते रागावले असते तर राघूनं खाली मान घालून ऐकून घेतलं असतं आणि विषय संपला असता. पण ते हसून गेले, आणि जाताना त्यांचा हात सवयीनं वरच्या ओठाकडे गेला, तिथं काही सापडलं नाही तसा परत खाली आला. राघूनं फोन उचलला आणि केबलवाल्याला बोलावलं.

केबलवाला आला तो वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन. त्याला वाटलं, चित्र हलत असेल.

"काढ," राघू म्हणाला.

"काय काढू?"

"केबल."

केबलवाल्यानं टीव्ही लावून बघितला. चित्र स्वच्छ होतं. "राघूभाऊ, आमचं काही चुकलं का? आवाज कमी-जास्त होतो का? खेळाची चॅनेलं बंद करून देतो, नुसत्या बातम्या ठेवा."

"नको."

"बातम्या पण नकोत? मग प्राण्यांचं एक आहे. त्यात कुणी ओरडत नाही. सिंह झोपलेले असतात दिवसभर."

"सगळीच काढ."

केबलवाला शिडीवर चढला. वायर ओढताना भिंतीचा थोडा गिलावा पडला. उतरल्यावर त्यानं राघूकडे अशा नजरेनं बघितलं की जणू दुकानात कुणी वारलं होतं. "चार दिवस थांबतो मी," तो म्हणाला. "वायर गाडीतच ठेवतो. मन बदललं की एक मिस्ड कॉल द्या." राघूनं टीव्हीही उतरवला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि घरी नेऊन माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि राघूला पहिल्यांदा कळलं की आपला पंखा आवाज करतो. दर फेरीला एकदा 'टक्' वाजायचं. अकरा वर्षं तो टक् टक् करत असणार, पण कुणी ऐकलंच नव्हतं. कात्रीचा आवाज ऐकू येत होता, पाण्याच्या फवाऱ्याचा येत होता, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटातलं गुरगुरणंही येत होतं. गिऱ्हाईक यायचं, बसायचं, सवयीनं आरशातल्या वरच्या कोपऱ्याकडे बघायचं आणि तिथं भिंतीवरचा एक पांढरा चौकोन दिसला की गोंधळून पुन्हा स्वतःच्या तोंडाकडे बघायचं.

"दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," सायकलवाला म्हणाला.

राघूनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. बोलायचं म्हटलं तरी काय बोलणार?

आठवडाभरात तरुण मंडळी रस्त्यापलीकडच्या नव्या सलूनकडे वळली. तिथं दोन टीव्ही होते, एक समोर आणि एक मागे, म्हणजे मान कुठंही फिरवली तरी खेळ सुटत नव्हता. सायकलवालाही एक दिवस तिकडे शिरताना राघूला दिसला. अंग चोरून, हळूच. दोन दिवसांनी रस्त्यात गाठ पडली तेव्हा त्यानं डोक्यावर टोपी घातली होती आणि ती कानांवर ओढलेली होती. राघूनं टोपीकडे बघितलं. सायकलवाल्यानं जमिनीकडे बघितलं. दोघंही आपापल्या वाटेनं गेले.

राघूची बायको बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठली गाडी कधी, कुठल्या फलाटावर आणि का उशिरा, हे सांगून सांगून तिचा घसा बसायचा. घरी आल्यावर न बोलणारा नवरा मिळाला, याचं तिला चौदा वर्षं मनापासून बरं वाटत आलं होतं. पण त्या आठवड्यात तो ताटासमोर बसला की नुसता घास फिरवत बसे, ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"अहो, केबल परत घ्या ना," ती म्हणाली. "कुणी हसणार नाही."

राघूनं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"मग बोला की गिऱ्हाइकांशी."

"काय बोलू?"

"माझ्या खिडकीवर दिवसाला तीनशे माणसं येतात. त्यातल्या निम्म्यांना गाडीची वेळ माहीत असते. मागे पाटीवर लिहिलेलीच असते एवढी मोठी. तरी विचारतात. का? तर कुणीतरी त्यांच्याकडे बघून उत्तर द्यावं म्हणून. तुम्ही नुसतं विचारा. बोलायचं काम ते करतील."

बारा वर्षांची लेक शेजारी अभ्यास करत होती. तिनं लगेच वहीचं पान फाडलं आणि दहा प्रश्न लिहून दिले, क्रमांक घालून, खाली लाल शाईची रेघ मारून. राघूनं ते पान आरशाच्या कडेला चिकटवलं.

पहिला सापडला वकील. वकील महिन्यातून एकदा यायचा, कोर्टात जायच्या आधी, घाईत. राघूनं कापड गळ्याभोवती बांधलं, घसा खाकरला, कागदाकडे बघितलं. पहिला प्रश्न 'आज हवा कशी आहे?' असा होता, पण बाहेर बघितलं तर हवा दिसतच होती. म्हणून त्यानं दुसरा घेतला.

"तुमचा आवडता प्राणी कोणता?"

वकिलानं आरशातून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ विचार केला. "कासव," तो म्हणाला, आणि नंतर केस कापून होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. उठला, कपडे झटकले, दारापर्यंत गेला आणि परत आला. "का विचारलंत?"

"सहज," राघू म्हणाला.

वकिलाला ते पटलं नाही. सहज कुणी काही विचारतं यावर त्याच्या धंद्यात कुणाचा विश्वास नसतो.

त्यानंतर तीन-चार दिवस राघूनं कागदाकडे बघितलंच नाही. मग एका मंगळवारी दुपारी बेकरीवाला आला. अंगानं भरलेला, दाट कुरळ्या केसांचा, हातांना कायम पिठाचा वास. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पंखा टक् टक् करत होता. तो आवाज राघूला असह्य झाला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "घरी सगळे बरे?" हा लेकीच्या कागदावरचा सातवा प्रश्न. सगळ्यांत साधा.

बेकरीवाला आरशात बघत राहिला. "बायको माहेरी गेलीये," तो म्हणाला. "तीन महिने झाले."

आता यावर काय म्हणायचं ते कागदावर नव्हतं. राघू कात्री चालवत राहिला. थोड्या वेळानं बेकरीवालाच पुढे बोलायला लागला. पहाटे चारला भट्टी पेटवायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी दुकान. बायकोशी बोलायचं कधी? ती आपली सांगायची, आणि हा उभ्या उभ्या पेंगायचा. एक दिवस ती काहीतरी महत्त्वाचं सांगत होती. काय ते त्याला आजही माहीत नव्हतं, कारण तो मधेच घोरायला लागला. ती उठली, पिशवी भरली आणि गेली. फोन केला तर सासरे उचलायचे आणि सासरे नुसते हवापाण्याचं बोलायचे.

इकडे राघूचं वेगळंच संकट उभं राहिलं. केस कापून केव्हाच झाले होते. पण माणूस रडकुंडीला येऊन आपली कर्मकथा सांगतोय, त्यात 'झालं' कसं म्हणायचं? आणि नुसतं हात बांधून उभं राहिलं तर त्याला वाटायचं, याला घाई झालीये. म्हणून राघू कापत राहिला. इथून थोडे, तिथून थोडे. मागे जरा कमी केले तर पुढचे जास्त वाटायला लागले, पुढचे घेतले तर बाजूचे. बेकरीवाला लग्नाच्या दिवसापर्यंत मागे गेला, तिथून पुन्हा पुढे आला. राघूनं कात्री ठेवून मशीन घेतलं. शेवटी बेकरीवाला थांबला, त्यानं मोठा श्वास सोडला आणि आरशात बघितलं. त्याच्या डोक्यावर आता कुरळं म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. दाढीच्या खुंटाएवढे केस, आणि मधोमध लहानपणी पडल्याची एक खूण, जी त्यानं स्वतःही पंचवीस वर्षांत बघितली नव्हती.

राघूनं मशीन बंद केलं. एका महिन्यात दुसरा माणूस.

बेकरीवाल्यानं डोक्यावरून हात फिरवला. "हलकं वाटतंय," तो म्हणाला, आणि गेला.

शुक्रवारी तो परत आला. राघूनं दुरूनच त्याला बघितलं आणि वस्तरा उगाच धुवायला घेतला. बेकरीवाल्याच्या हातात ताज्या पावांची पिशवी होती. ती त्यानं आरशापुढे ठेवली.

"काल गेलो होतो तिच्याकडे," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला एवढं सगळं सांगता आलं तर तिला का नाही? दार तिनंच उघडलं. मला बघितलं आणि हसायला लागली. थांबेचना. हसता हसता म्हणाली, हे काय करून घेतलंस डोक्याचं? मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली आणि आत निघून गेली. पण राघूभाऊ, तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलली ती."

"मग? आली?"

"नाही अजून. म्हणाली, केस वाढेपर्यंत विचार करते."

केस पुरते वाढायच्या आधीच ती आली, हेही सांगून टाकतो. पण अटी घालून आली. दुपारच्या झोपेतला एक तास तिचा, आणि भट्टीवर एक माणूस ठेवायचा. बेकरीवाल्यानं दोन्ही कबूल केलं.

ही गोष्ट राघूनं कुणाला सांगितली नाही. बेकरीवाल्यानं मात्र पावाबरोबर घरोघरी पोचवली. हळूहळू दुकानात वेगळीच माणसं यायला लागली. ज्यांना मॅच बघायची नव्हती, ज्यांचं घरी कुणी ऐकत नव्हतं, ज्यांच्या घरी ऐकायलाच कुणी नव्हतं. पोस्टातला कारकून आला, त्याला मुलाच्या निवडलेल्या शाखेची काळजी होती. आठवड्यातून दोनदा दाढी करायला येणारे एक निवृत्त परिचारक होते, त्यांना चाळीस वर्षांत बघितलेले सगळे पेशंट आठवायचे. हेडमास्तरही येत राहिले. मिशी त्यांनी पुन्हा ठेवली नाही. बायकोला तोंड नीट दिसायला लागलं म्हणून ती खूश आहे, असं म्हणाले. घरी दिवसभर काय करायचं हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो ते रोज वेगळ्या शब्दांत मांडायचे. राघू ऐकायचा, मधे एखादं 'मग?' टाकायचा आणि केस संपायच्या आत हात आवरायचा. ती कला त्याला आता जमली होती. बोलणं लांबलं की तो कात्री हवेत चालवायचा, केसांपासून बोटभर अंतरावर. आवाज यायचा, कापलं काहीच जायचं नाही.

सायकलवालाही परत आला. टोपी काढून खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तिथं सगळं सरळ दिसतं राघूभाऊ. डोकं दुखतं." राघूनं त्याचं डोकं बघितलं, जिभेनं 'च्च' केलं आणि जेवढं सुधारता येईल तेवढं सुधारलं.

पण ऐकलेलं सगळं जायचं कुठं? ते राघूच्या पोटात साठत गेलं. घरी तो आधीसारखाच गप्प असायचा, पण आधीचं गप्प बसणं रिकामं होतं, आताचं गच्च भरलेलं. बायकोला फरक कळला.

"लोकांचं मला सांगू नका," ती एकदा भाजी निवडताना म्हणाली. "त्यांनी तुम्हाला सांगितलंय, मला नाही. पण तुमचं स्वतःचं काही आहे की नाही? सगळं गाव तुमच्याकडे येऊन बोलतं आणि मीच तेवढी बाहेर."

राघूनं खूप विचार केला. त्याला स्वतःचं असं काही सापडेना. म्हणजे होतं, पण ते कुठल्या टोकानं उचलायचं ते कळेना.

मोठ्या स्पर्धेची अंतिम मॅच रविवारी दुपारी होती. शनिवारी चारजणांनी येऊन गळ घातली की फक्त एक दिवस टीव्ही लावा, केबलवाला तयार आहे. केबलवाला खरंच दाराशी उभा होता, वायर खांद्यावर. राघूनं त्याला बसवलं, फुकट दाढी करून दिली आणि परत पाठवलं. जाताना केबलवाला म्हणाला, "माझ्या घरी पण आवाज फार असतो हो," आणि वायर घेऊन निघून गेला.

रविवारी दोनच्या सुमाराला रस्ता ओस पडला. समोरच्या सलूनमध्ये खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक पायरीवर बसले होते. राघूच्या दुकानात कुणीही नव्हतं. त्यानं कंगवे धुतले, पुसले, ओळीनं लावले. तेवढ्यात दारात सावली पडली आणि त्याची बायको आत आली. खांद्याला पर्स, अंगात डेपोचा निळा कोट.

"डेपोत चिटपाखरू नाही," ती म्हणाली. "साहेबांनी सोडलं. लेक मामाकडे मॅच बघतेय. म्हटलं, बघावं तरी एकदा ही खुर्ची." आणि ती सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसली. "टोकं तेवढी सारखी करून द्या. किती दिवस राहून जातंय."

चौदा वर्षांत राघूनं तिच्या केसांना कात्री लावली नव्हती. त्यानं स्वच्छ कापड काढलं, झटकलं, तिच्या खांद्यांवर घातलं. वेणी सोडली. केस विंचरले. ती डोळे मिटून बसली होती आणि बोलत नव्हती. सकाळपासून बोलून दमली असेल, त्याला वाटलं. पंखा टक् टक् करत होता. मग राघू बोलायला लागला.

"मी एकदा बसलो होतो त्या गाडीत," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"सव्वादोनच्या."

तिनं डोळे उघडले. सव्वादोनच्या गाडीची गोष्ट सगळ्या नातेवाइकांना पाठ होती, कारण ती प्रत्येकाला सांगायची. लग्नाआधी राघू रोज दुपारी तिच्या खिडकीवर यायचा, सव्वादोनच्या गाडीची चौकशी करायचा आणि परत जायचा. असे तीन आठवडे गेले. आणि मग एक दिवस त्यानं गाडीऐवजी विचारलं, 'तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?' त्या एका वाक्यावर आपण भाळलो, असं ती सांगायची. माणूस कमी बोलतो, पण बोलतो ते नेमकं.

"तू एक दिवस खिडकीतून बाहेरच आलीस," राघू म्हणाला. "म्हणालीस, आज गाडी वेळेवर लागलीये, पळा. आणि कंडक्टरला हाक मारून माझ्यासाठी जागा धरायला सांगितलीस. मग काय करणार? बसलो."

"पण तुम्हाला कुठं जायचं होतं?"

"कुठंच नाही. पाटीवर ते नाव पहिलं होतं म्हणून मी रोज तेच विचारायचो. शेवटच्या थांब्याला उतरलो. एक शाळा, एक चहाची टपरी आणि एक न्हाव्याचं दुकान. परतीची गाडी तीन तासांनी. म्हटलं, दाढी करून घेऊ."

"सकाळी केली असेल ना तुम्ही?"

"केली होती. तो म्हातारा पण म्हणाला, दाढी कुठाय? म्हटलं, आहे तेवढी करा." आरशात ती हसायला लागली होती. राघूची कात्री हवेत चालत होती. "फार बोलायचा तो. माझ्या वडिलांसारखा. आणि विचारायचा पण. तीन तासांत त्यानं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. खिडकी, तू, गाडी. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला एवढं सांगितलं. मग म्हणाला, अरे, गाडी कधी सुटते ते कशाला विचारतोस? ती कधी सुटते ते विचार."

समोरच्या सलूनमधून एक मोठा ओरडा आला. दोघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही.

"म्हणजे ते तुम्हाला सुचलं नव्हतं?" बायको हळूच म्हणाली.

"नाही."

"मी चौदा वर्षं अख्ख्या गोतावळ्याला सांगत आलेय ते वाक्य. माझ्या आईला सांगितलं. साहेबांना सांगितलं. आणि ते त्या म्हाताऱ्याचं होतं?"

"हो."

ती बराच वेळ आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. राघूला वाटलं, आता संपलं सगळं, उगाच बोललो. पण तिनं खांद्यावरचं कापड स्वतःच काढलं, केसांची गाठ बांधली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"त्या म्हाताऱ्याला भेटायला हवं," ती म्हणाली.

"तेव्हाच साठीचा होता. असेल की नाही कोण जाणे."

"बघू. ती गाडी आता तीन दहाला सुटते, फलाट चार. शेवटची परतीची साडेसातला. उठा."

राघूनं दुकानाला कुलूप लावलं. गाडीत तेच दोघे प्रवासी होते, आणि तिसरा कंडक्टर, कानाशी मोबाईल धरून मॅच ऐकणारा. गाडी डेपोतून निघाली. खिडकीशी बायको बसली होती आणि राघू सांगत होता. त्या टपरीवरचा चहा कसा होता, म्हाताऱ्याचा वस्तरा किती जुना होता, परत येताना गाडी घाटात कशी बंद पडली आणि सगळ्यांनी मिळून कशी ढकलली. मग आजोबांचं सांगितलं. मग आपण लहानपणी का बोलत नव्हतो तेही सांगितलं. बोलायला जावं तर वडिलांचं अजून संपलेलं नसायचं, एवढंच कारण. बायको ऐकत होती, मधे एखादं 'मग?' टाकत होती.

तिसऱ्या थांब्यानंतर कंडक्टर मागे वळला.

"भाऊ, जरा हळू बोला हो," तो म्हणाला. "स्कोअर ऐकू येत नाहीये."

राघूनं आवाज कमी केला आणि पुढे सांगायला लागला.